शोलापूरचा एच

सोलापुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं कारकुनी केली. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. पहिलीत पोराचं नाव घालायला आलेला बाप तोंडाने जे सांगेल ते मी मराठीत उतरवून घ्यायचो, आणि दहावीला बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली की तेच नाव इंग्रजीत करायचो. कसं? हाताला येईल तसं. 'श्रीनिवास'मध्ये एच घालायचा की नाही, हे त्या संध्याकाळी टेबलावर किती फॉर्म उरलेत त्यावर ठरायचं. पूर्व भागातलं तेलुगू पोर असेल तर त्यांच्यात घराण्याचं नाव, म्हणजे इंटिपेरु, आधी सांगतात. विजापूर वेशीतला मुलगा असेल तर 'शेख' कधी पुढे, कधी मागे. कन्नड घरातला असेल तर शेवटचा 'अप्पा' एकदा लागायचा, एकदा गळायचा. बोर्डाच्या फॉर्मला मात्र आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीनच खाने. जे बसेल ते बसवायचं.

पोरांच्या आईबापांना इंग्रजी येत नव्हतं, मला जेमतेम येत होतं. कुणी हरकत घेतली नाही. त्या दाखल्यावरून पुढे पॅन निघालं, पासपोर्ट निघाला. आज त्याच अक्षरांना विमानतळावर सुरक्षा म्हणतात, तेव्हा मला जरा चोरट्यासारखं होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी आत्या. नाव सांगत नाही, पण शेवट सांगतो. घरात आणि आधारवर तिच्या नावाच्या शेवटी 'व्वा' आहे, मतदान कार्डावर 'म्मा'. दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. लेकीकडे बेंगळुरूला जायचं म्हणून नातवाने तिकीट काढलं. त्याच्या फोनमध्ये मतदान कार्डाचा फोटो होता, त्यावरून त्याने 'म्मा' भरलं. आत्याने पिशवीत घेतलं आधार. सोडायला मी सोबत होतो. तेव्हा आपल्या गावातून विमान नव्हतं, म्हणून रात्रीची गाडी करून एका मोठ्या विमानतळावर गेलो. गेटवरच्या जवानाने तिकीट बघितलं, आधार बघितलं, आत्याच्या तोंडाकडे बघितलं. सभ्य होता बिचारा. म्हणाला, कंपनीच्या खिडकीवर जाऊन या. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, नाव वेगळं आहे, नवीन तिकीट काढावं लागेल.

"मीच मी हाय की रं," आत्या मला म्हणाली, "अजून कोण असणार?"

साडेसात हजार रुपये भरले. त्याच विमानाचं तिकीट मिळालं. तीच आत्या, तीच पिशवी, त्याच पिशवीतली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. आधीचे पैसे बुडाले. परत येताना गाडीत मी एकच हिशेब करत होतो. आत्यापासून विमानाला धोका होता असं धरलं, तर तो साडेसात हजारांनी कसा गेला? आणि पैशाने जात असेल तर तो धोका होता कशावरून?

माझं म्हणणं त्याच हिशेबातून निघालंय. तिकिटावरचं नाव आणि माणूस यांचा मेळ घालायलाच हवा, यात मला शंका नाही. पण माणसाचा मेळ घालणं निराळं आणि अक्षरांचा मेळ घालणं निराळं. आपल्याकडे पहिलं काम अवघड म्हणून दुसरं केलं जातं, आणि त्याचा खर्च ज्याचं नाव सरकारी दप्तराने चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलं त्याच्याच माथी मारला जातो.

मेळ का घालायचा, हे आपल्याला फार महाग पडून कळलं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरला 'एम. सिंग' या नावाच्या तिकिटावर चढवली होती. एम. सिंग स्वतः विमानात बसलाच नाही. त्याच दिवशी 'एल. सिंग' नावाने चढवलेली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार मेले. एक आद्याक्षर आणि एक आडनाव, एवढ्यावर बॅग निघून गेली. बॅगेचा मालक विमानात नसेल तर बॅगही जाऊ द्यायची नाही, या नियमाला जगभर धार आली ती त्यानंतर. आपल्याकडचं नागरी विमान सुरक्षा ब्युरो हे खातंही १९८७ च्या एप्रिलपासून स्वतंत्र झालं, ते याच घटनेमुळे. एम. सिंगचं स्पेलिंग त्या दिवशी बरोबर होतं की चूक, हा प्रश्नच नव्हता. बॅग आहे आणि माणूस नाही, हा प्रश्न होता.

अमेरिकेतली गोष्ट जरा वेगळी. तिकडे देशांतर्गत प्रवासात फोटोचं ओळखपत्र विचारणं रूढ झालं ते १९९६ मध्ये. १७ जुलैला टीडब्ल्यूए कंपनीचं ८०० क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ पडलं, घातपाताचा संशय आला आणि काउंटरवर कार्ड मागायला सुरुवात झाली. चौकशीचा निष्कर्ष २००० मध्ये आला: इंधनाच्या टाकीत स्फोट झाला होता, घातपात नव्हता. कार्ड मागणं मात्र राहिलं. त्यात विमान कंपन्यांची एक सोय झाली. त्याआधी तिकडे लोक न वापरलेली तिकिटं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन विकायचे. नावाची तपासणी आली आणि तो बाजार बसला. सुरक्षेच्या गाडीत धंदा फुकट बसून आला, असं म्हटलं तर कंपन्यांनी रागावू नये.

११ सप्टेंबर २००१ च्या १९ अपहरणकर्त्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्याच नावाने तिकिटं काढली होती. नाव जुळलं, कार्ड जुळलं, विमानात बसले. मग नावाची तपासणी फुकाची, असं म्हणावंसं वाटतं, पण तेवढं सोपं नाही. त्यातल्या दोघांची नावं ऑगस्टमध्येच सरकारच्या निगराणी यादीत आली होती. विमान कंपन्यांकडे जी यादी होती तिच्यात ती पोहोचली नव्हती. पोहोचली असती तर नावाचा उपयोग झाला असता. म्हणजे नावाला किंमत आहे, पण ती संशयितांच्या यादीशी ताडताना. आणि तिथे ताडणी कशी होते ते बघा. ती मुद्दाम सैल ठेवतात. स्पेलिंगचा एक ठिपका इकडेतिकडे करून कुणी निसटू नये म्हणून मिळतीजुळती नावंही अडकतील अशी सोय करतात. २००४ मध्ये सिनेटर टेड केनेडींनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की 'टी. केनेडी' असं कुणाचं तरी टोपणनाव यादीत असल्यामुळे त्यांना विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं जात होतं. अख्ख्या अमेरिकेला तोंडओळख असलेला माणूस! आपला शाहरुख खानही २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यूअर्कला असाच नावापायी अडकला. 'खान' नावाचे किती लोक असतील याचा अंदाज सोलापूरच्या कुठल्याही टपालवाल्याने दिला असता.

इथे मला खरी मेख दिसते. पकडायचं असतं तेव्हा नाव सैल धरतात, सोडायचं असतं तेव्हा घट्ट. केनेडींना नाव थोडं जुळलं म्हणून अडवलं, आत्याला थोडं जुळलं नाही म्हणून. दोन्ही वेळा भुर्दंड प्रवाशालाच.

आता आमच्या गावाचं बघा. हे गाव नावांच्या बाबतीत कुठल्याही संगणकाला घाम फोडेल. चार हुतात्मा चौकात उभे राहिलात की चार नावं भेटतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात हे चौघे फासावर गेले. एक कन्नड वळणाचं नाव, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. आडनाव कुठे सुरू होतं आणि बापाचं नाव कुठे संपतं याचे नियम चौघांच्या घरी चार. सारडांचंच बघा, कुठे 'श्रीकृष्ण' छापतात, कुठे 'श्रीकिसन'. कुर्बान हुसेन यांच्या नावाआधी 'अब्दुल रसूल' कुठे असतं, कुठे नसतं. हुतात्म्यांचीसुद्धा दोन कागदपत्रं जुळायची नाहीत. आणि सोलापूरचा दुसरा सुपुत्र, द्वारकानाथ कोटणीस: १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले तर तिथे त्यांचं नाव झालं के दीहुआ. चिनी लोकांनी त्याच नावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

फार कशाला, गावाचंच नाव घ्या. इंग्रजांच्या दप्तरात ते 'शोलापूर' होतं, एस नंतर एच. जुन्या कागदपत्रांत, जुन्या गिरणीच्या शेअरवर अजून तोच एच सापडतो. आता पाटीवर तो नाही. उद्या सोलापूर शहराने स्वतःच्या जुन्या कागदांवर विमानाचं तिकीट काढलं, तर गेटवर अडवतील आणि साडेसात हजार मागतील.

हा एच-बिचचा प्रश्न कुणाला सुटलेला नाही असंही नाही. १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाने नावं आवाजावरून लावायच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं. 'साउंडेक्स' म्हणतात तिला. तिचं पुढे रूढ झालेलं रूप कारकुनालाही कागदावर करता येतं: पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, एच आणि डब्ल्यू सोडून द्यायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मी निवृत्तीनंतर उद्योग म्हणून वहीत करून बघितलं. सोलापूर आणि शोलापूर, दोन्हींचं उत्तर येतं एस-४१६. लक्ष्मी एक्सने लिहा नाहीतर के-एस-एचने, एल-२५०. सिद्धेश्वर तर लोक पाच तऱ्हेने लिहितात, एक डी, दोन डी, एच आधी, एच नंतर, सगळ्यांचं एस-३२६. ग्रामदैवताने शंभर वर्षांच्या जुन्या अमेरिकन परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले, म्हणून मी घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग 'ज्ञानेश्वर' घेतलं आणि पंचाईत झाली. डी-एन-वायने लिहिलं तर डी-५५२, जी-वायने लिहिलं तर जी-५२६. माउलींना ही पद्धत ओळखत नाही. आत्याच्या 'व्वा' आणि 'म्मा'लाही नाही, कारण व्ही आणि एम वेगवेगळ्या गटांत पडतात.

म्हणून यंत्र आलं की सगळं सुटेल, असं मी म्हणत नाही. विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, चेहराच पास. तरुण पोरं खूश आहेत. पण नोंदणी करताना पुन्हा आधारच पुढे येतं. शिवाय स्वतःचा चेहरा कुठल्या तरी संगणकात ठेवायचा की नाही हे माणसाच्या मर्जीवर राहायला हवं; स्पेलिंग चुकलं म्हणून त्याला तिकडे ढकलू नये.

'मग गेटवरच्या माणसाने थोडं समजून घ्यावं' असं बरेच लोक म्हणतात. मला हे मान्य नाही. त्या जवानाकडे एका माणसाला काही सेकंद असतात, मागे रांग असते आणि काही झालं तर नोकरी त्याची जाते. त्याच्या समजुतीवर सोडलं, तर मऊ चेहऱ्याच्या म्हातारीला तो सोडेल आणि दाढीवाल्या तरुणाला अडवेल. 'मोहम्मद' हे नाव एका कार्डावर पूर्ण आणि दुसऱ्यावर दोन-तीन अक्षरांत आखडलेलं असतं; त्या पोराच्या वाट्याला समजूत किती येईल, हे विजापूर वेशीतल्या कुणालाही विचारा. सवलत द्यायची तर ती कागदावर लिहून द्या, म्हणजे ती सगळ्यांना सारखी मिळेल.

आणि असं लिहून देता येतं. ज्या अमेरिकेने विमान सुरक्षेचा एवढा बाऊ केला, तिथल्या सुरक्षा यंत्रणेनेच लोकांना सांगून ठेवलं आहे, की मधल्या नावाऐवजी आद्याक्षर असलं किंवा मधलं नाव नसलंच, अशा बारीक फरकाने अडचण येऊ नये. तिथे तिकिटाबरोबर जन्मतारीखही घेतात. ओळख एका शब्दावर टांगलेली राहत नाही. पासपोर्टचा आंतरराष्ट्रीय नमुना बघितला तर त्यालाही नावं अर्धी होणार हे गृहीत आहे. खालच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळींत प्रत्येकी ४४ खाने, त्यांपैकी नावाला ३९. त्यात न मावणारं नाव कसं कापायचं याचे नियम छापलेले आहेत. बोर्डिंग पासवर तर आडनाव, तिरपी रेघ, मग नाव आणि त्याला चिकटून मिस्टर किंवा मिसेस अशी खिचडी असते, आणि ती सगळे निमूट चालवून घेतात. कंपनीने नाव चिकटवलं तर ती पद्धत, नातवाने एक अक्षर चुकवलं तर तो गुन्हा.

आपल्याकडे थेट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटात स्पेलिंगची चूक २४ तासांत कळवली तर शुल्क घेऊ नये, असा नियम आहे. चांगला आहे, पण तो ज्याने तिकीट काढलं त्याच्या उपयोगाचा. आत्यासारख्या माणसाला चूक गेटवर पोहोचल्यावर कळते, महिन्याने. रेल्वेचं बघा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं पक्कं तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज देऊन आई, बाप, भाऊ, बहीण, मुलं, नवरा-बायको यांच्या नावावर करून मिळतं. म्हणजे अख्खा माणूस बदलता येतो! आणि विमानात माणूस तोच असून शेवटचं अक्षर बदलत नाही. विमानाला धोका रेल्वेपेक्षा जास्त म्हणून तपासणी कडक असावी, हे मान्य. माणूस बदलू देऊ नका. पण जन्मतारीख तीच, फोटो तोच, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव तेच, तर स्पेलिंग विमान कंपनीची खिडकी बंद होईपर्यंत फुकट दुरुस्त झालं पाहिजे, तिकीट कंपनीकडून काढलेलं असो की एजंटकडून. ज्या दुरुस्तीला खर्च येत नाही तिला दर लावला, की चुका व्हाव्यात असं कुणाला तरी वाटू लागतं.

बायकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे लग्न झालं की आडनाव जातं, बापाचं नाव जातं, काही घरांत तर पहिलं नावही. दाखला माहेरचा, आधार सासरचं, पॅन कधीचं कुणी काढलं त्यावर. गॅझेट केलंय का, म्हणजे नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून घेतलंय का, असं खिडकीवरची मुलगी सहज विचारते. गॅझेट म्हणजे तिला एक कागद वाटतो. आमच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईच्या तो कितीतरी दिवसांचा रोज असतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एकदा लग्नानंतर बदललं, एकदा केंद्रावरच्या पोराने चुकवलेलं नीट केलं, की कोटा संपला. चूक त्याची, कोटा हिचा. लिपीतून लिपीत जाताना झालेला फरक या दोनात धरू नये, इतकी साधी गोष्ट कुणी मनावर घेत नाही.

परदेशात तर एकच नाव असणाऱ्यांचे हाल. दक्षिणेकडच्या किती तरी लोकांच्या पासपोर्टवर आडनावाचा खाना कोरा असतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीने सांगितलं, की एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश नाही. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर बापाचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी मुभा आली. देशाचा नियम त्यांचा, ठीक आहे. पण एक नाव पुरतं अशी पद्धत असलेल्या माणसाला आपल्या सरकारने पासपोर्ट देतानाच सावध करायला नको होतं का?

मुळात दुरुस्ती विमानतळावर नाही, माझ्या टेबलावर व्हायला हवी होती. जन्माच्या दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी नावही आईबापाला अक्षर अक्षर वाचून दाखवून लिहावं, त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि तेच पुढच्या प्रत्येक कागदावर आपोआप जावं. शाळेने, बँकेने, आधार केंद्राने ते नव्याने 'सुधारू' नये. मी सुधारलेली नावं आठवली की वाटतं, माझ्या हातून लाल शाईचं पेन कुणी तरी काढून घ्यायला हवं होतं.

होटगी रोडला, आमच्या गावच्या विमानतळावर, आता विमान उतरतं. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तिच्यावरून गावात किती भांडणं झाली ते वेगळं सांगायला नको. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. म्हणजे हा घोळ आता पुण्या-हैदराबादला जाऊन होणार नाही, दारातच होईल. रात्रीची गाडी करून आल्याचं दुःख तेवढं वाचेल.

परवा पुतण्याचा फोन आला. त्याला बायको-पोरासह मुंबईला जायचंय. पोरगा १ मे २०२४ नंतरचा, म्हणजे शासनाच्या नव्या नियमाने त्याचं नाव चार मजली: स्वतःचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. मला नियम आवडला. आईचं नाव आधीच यायला हवं होतं. पण तिकिटाच्या फॉर्मला खाने दोनच, पहिलं नाव आणि शेवटचं.

"काका, आईचं नाव कुठल्या खान्यात घालू?"

"पहिल्यात, पोराच्या नावाला लागून. बापाचंही तिथंच."

"आणि तिच्या नावात वाय आधी का आय?"

"दाखला बघ की."

"दाखल्यावर वाय आहे, तिच्या आधारवर आय."

मी चष्मा शोधायला उठलो.